डागडुजी आधी, दागिने मागाहून

सांस्कृतिक नियतकालिकाच्या पृष्ठांवर जुन्या मोटारीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, एखादा समाज आपल्या जुन्या वस्तूंशी कसा वागतो, यावरून त्याच्या संस्कृतीची जितकी पारख होते, तितकी त्याच्या संमेलनांतील भाषणांवरून होत नाही. जुने घर, जुने भांडे, जुना तंबोरा आणि जुनी जीप यांची जात वेगळी असली, तरी त्यांना जपण्याची वृत्ती एकच असते. आणि त्यांच्यावर नुसता मुलामा चढविण्याची वृत्तीही एकच असते. या दुसऱ्या वृत्तीविरुद्ध चार शब्द लिहावेत, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

गोवा, बेळगाव-खानापूर आणि सिंधुदुर्ग या टापूंतील पुष्कळ तरुणांना अलीकडे आडवाटांचे वेड लागले आहे. चोर्ला, जांबोटी, तिळारी या बाजूंच्या कच्च्या वाटांवर पावसाळ्याच्या मागेपुढे त्यांच्या गाड्या दिसतात. नवी कोरी गाडी घेण्याची ऐपत सर्वांची नसते. मग कोणी लष्कराच्या लिलावातून निघालेली जिप्सी घेतो, कोणी मळ्यावर पडून असलेली महिंद्रची जीप उचलतो. या वेडाला आमचा विरोध नाही. घराबाहेर पडावे, डोंगर पाहावा, चिखलात हात घालावेत, यांत निंद्य ते काय? आमचा आक्षेप आहे तो या जुन्या गाड्या ज्या क्रमाने ‘तयार’ केल्या जातात, त्या क्रमाला. आधी टपावर दिव्यांची रांग, मग पुढे लोखंडी गज, मग गाडी चार इंच उंच, मग राक्षसी टायर. आणि हे सर्व झाल्यावर पैसे उरलेच तर ब्रेक. हा क्रम केवळ चुकीचा नव्हे, तर जिवाशी खेळणारा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उंचीचेच घ्या. पाटे बदलून, शॅकल लांब करून गाडी उंच केली की ती दगडांवरून सहज जाईल, असा सार्वत्रिक समज आहे. जिप्सी काय किंवा जुनी महिंद्र जीप काय, या गाड्यांना पुढेमागे अखंड आस असतो, आणि त्या आसाच्या पोटातच डिफरन्शियलचा गोळा असतो. वाटेतला दगड पहिल्याने अडतो तो या गोळ्याला. पाटे उंच केल्याने उचलली जाते ती चासी आणि वरची बॉडी. आस जिथल्या तिथेच राहतो. गोळ्याखालची मोकळीक एका सुतानेही वाढत नाही. चासीचे पोट आणि पुढचीमागची टोके अधिक मोकळी होतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याची किंमत काय पडते? समजा, गाडीच्या दोन चाकांतील अंतर १३०० मिलिमीटर आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटरवर आहे. शाळेतल्या भूमितीप्रमाणे ती आडव्या उतारावर ४५ अंशांपर्यंत उभी राहील. तोच मध्य १०० मिलिमीटर वर नेला, की ही मर्यादा ४१ अंशांवर येते. हा हिशेब उभ्या, ताठ ठोकळ्याचा झाला. प्रत्यक्षात गाडी पाट्यांवर कलते, हलते, वळते. तेथे खरी मर्यादा याहून पुष्कळ खाली असते. शिवाय प्रॉपेलर शाफ्टचे कोन बिघडून त्याचे क्रॉस लवकर झिजतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, ते वेगळेच. ज्या कड्याच्या वाटेवर चार अंशांवर जीव तोलला जातो, तेथे हे चार अंश कशासाठी दिले? बाजारात गाडी रुबाबदार दिसावी यासाठी!

टायरांची गोष्ट थोडी निराळी. गोळ्याखालची मोकळीक मोठ्या टायरांनीच वाढते, हे खरे. जिप्सीच्या मूळ टायराचा व्यास सुमारे २६ इंच असतो. त्या जागी ३१ इंची टायर बसविला, तर आस सुमारे अडीच इंच वर जातो. पण याच बदलाने चाकाचा परीघ सुमारे १८ टक्के वाढतो. म्हणजे सर्व गिअर तेवढ्या प्रमाणात जड होतात. ज्या लो गिअरच्या बळावर ही हलकी गाडी चढ चढते, ते बळच कमी होते. काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ७० च्या वेगाने धावत असेल. आणि तीच जुनी ब्रेकची यंत्रणा आता अधिक वजनाचे, अधिक व्यासाचे चाक थांबवू पाहील. तेव्हा मोठा टायर हा एकटा येत नाही. तो गिअरचे, ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे बिल बरोबर घेऊन येतो. ज्याचे अंथरूण तेवढे लांब नाही, त्याने मूळ मापाच्या जवळचाच, पण चांगल्या खाचांचा नवा टायर घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

मग थोड्या पैशांत करावे तरी काय? आमचे उत्तर सरळ आहे. जुनी गाडी घेताना तिच्या किमतीच्या निदान निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढल्याखेरीज ती घेऊच नये. मग पहिला रुपया चासीवर खर्चावा. आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत पत्रा वरून चकचकीत आणि आतून पापडासारखा झालेला असतो. गाडीखाली पडून हातोडीने चासी ठोकून पाहावी. खणखणीत आवाज येतो की बद्द, ते कानाला कळते. पाट्यांचे हँगर आणि बॉडीचे माउंट, जेथे चिखल साचतो, तेथे विशेष पाहावे. दुसरा रुपया ब्रेकवर: लायनर, सिलिंडर, रबरी नळ्या आणि तेल, सर्व नवे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. जुने तेल लांबच्या उतारावर तापून उकळू लागले की पायाखालचे पेडल पोकळ होते. तिसरा स्टिअरिंगवर: बॉल जॉइंट, बुश, किंगपिनचे बेअरिंग. चौथा रेडिएटर आणि त्याच्या नळ्यांवर, कारण लो गिअरमध्ये इंजिन फिरते भराभर आणि वारा मिळतो नाममात्र. हे सारे झाल्यावर गाडी बाहेरून जशी होती तशीच दिसेल. हौशी मंडळींना नेमके हेच सोसत नाही!

अगदी स्वस्तातल्या, पण दुर्लक्षित अशा गोष्टीचे एक उदाहरण देतो. आसाच्या नळकांड्यावर हवा येण्याजाण्यासाठी एक लहानसे छिद्र व त्यावर झडप असते. चालून तापलेला आस ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटींतून पाणी आत ओढले जाते. तेल ताकासारखे पांढुरके होते आणि काही दिवसांनी बेअरिंगे खाऊन टाकते. त्या झडपेला एक साधी रबरी नळी जोडून तिचे तोंड इंजिनाच्या खोलीत उंचावर नेले, की हा धोका बहुतांशी टळतो. टपावरच्या एका दिव्याच्या किमतीत हे काम होऊन वर चहापाणी निघेल. तरीही दिवा आधी येतो आणि नळी येतच नाही.

दुसरे उदाहरण हवेचे. टायरातील हवा तीस पौंडांवरून अठरा-वीस पौंडांवर आणली, तर टायर जमिनीवर पसरतो, दगडाला कवटाळतो, वाळूत व चिखलात कमी रुततो. हे सामर्थ्य फुकट मिळते. हवा मोजण्याचा काटा आणि ती पुन्हा भरण्याचा लहानसा पंप, एवढाच खर्च. मात्र डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे, आणि हवा कमी असताना वेगाने वळू नये. साध्या डिफरन्शियलच्या गाडीचे एक चाक अधांतरी झाले की सारी फिरकी त्या चाकाकडे जाते आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून गर्जना करणारे वीर आम्ही पुष्कळ पाहिले. ब्रेक हलकेच दाबून फिरणाऱ्या चाकाला आवर घालणारे, किंवा खाली उतरून वाट पाहणारे आणि चार दगड रचणारे थोडे. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण जणू या खेळासाठीच बनली असावी. कुळ्याहून दूधसागराकडे प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या जीपांचे चालक ओढे ओलांडताना पाहावेत. त्यांचे बळ गाडीच्या उंचीत नसते. कोणत्या दगडावर कोणते चाक ठेवायचे, या ओळखीत असते.

आणि दोर! रुतलेली गाडी ओढून काढणे हा या छंदातला सर्वांत घातकी प्रसंग. ओढण्याचा दोर चासीला घट्ट बसविलेल्या मजबूत कडीलाच लावावा. ट्रेलरसाठी मागे बसविलेल्या गोळ्याला दोर लावल्याने तो गोळा तुटून, गोळीसारखा उडून माणसे दगावली आहेत. कोणाच्या तरी ट्रकमधली गंजकी साखळी मागून आणून झटके देणे हा काटकसरीचा नव्हे, अविचाराचा प्रकार आहे. काटकसर रंगात करावी, गाद्यांत करावी; दोरात करू नये.

यावर ‘हौसेला मोल नसते, तुम्ही कोण सांगणारे?’ असा प्रतिवाद होईल. हौसेला मोल नसते हे कबूल. पण त्या हौशी गाडीत शेजारी मित्र बसतो, मागे धाकटा भाऊ बसतो, आणि घाटात समोरून एसटी येते. त्यांनी ती हौस केलेली नसते. कायद्याचेही असेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, निर्मात्याच्या मूळ तपशिलांत फेरफार करता येत नाही, असा निर्णय दिला. पुढच्या लोखंडी गजांवर कारवाई करण्यास केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळविले होते. हा कायदा बोथट आहे, विचारपूर्वक केलेला बदल आणि आचरट बदल यांत तो पुरेसा भेद करीत नाही, ही तक्रार आम्हांसही मान्य आहे. तथापि योगायोग पाहा: कारखान्याने गाडी जशी दिली तशी ती पुन्हा उभी करणे, यास कोणत्याही कायद्याची हरकत नाही, आणि थोड्या पैशांत करण्याजोगे सर्वोत्तम काम तेच आहे. गरिबाचा मार्ग आणि कायद्याचा मार्ग येथे एक होतात. असे सहसा घडत नाही.

आणखी एक गोष्ट या प्रश्नाशी बांधलेली आहे. मुंबईत १९४७ च्या सुमारास महिंद्रांनी विलीज जीपांची जुळणी सुरू केली. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली आणि पुढे सर्वसामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. या दीर्घ काळात गावोगावी असे मिस्त्री तयार झाले, की जे इंजिनाचा आवाज ऐकून वॉल्व्हचे दुखणे सांगत, पाटे भट्टीत घालून पुन्हा कमान देत, न मिळणारे बुश लेथवर कातून देत. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. ती काळ्या हातांत आहे, आणि त्या हातांबरोबरच ती जाईल. तयार पेट्यांतून येणारे चकचकीत सुटे भाग विकत घेऊन बसविणाऱ्याला या विद्येची गरज पडत नाही. जो डागडुजी करवून घेतो, त्यालाच मिस्त्री लागतो. आणि मिस्त्रीपाशी चार रविवार बसून जो स्वतः हब खोलतो, तो त्या विद्येचा वारस होतो. लोककलांच्या ऱ्हासाबद्दल हळहळणाऱ्या आमच्या वर्गाने या कलेसाठी कधी हळहळ व्यक्त केल्याचे स्मरत नाही.

शेवटी भूमीविषयी. आमच्या कोकण-गोव्यातील सडे वरून उजाड कातळ दिसतात. परंतु पावसाळ्यात त्या बोटभर मातीवर सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू अशी इवली झाडे फुलतात, आणि वर्षाचे बी तेवढ्याच दिवसांत धरतात. त्या मातीवर एकदा चाके गरगरली, की मातीच उरत नाही. अभयारण्यात परवानगीवाचून शिरणे गुन्हा आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी घालणेही निषिद्ध आहे. शेतकऱ्याचा बांध हा तर कोणाच्याच खेळाचे मैदान नव्हे. आडवाट म्हणजे वाट नसलेली जागा नव्हे. ती कोणाची तरी रोजची वाट असते. ज्या वाटेने गुरे जातात आणि शाळेची मुले जातात, तेथे खोल चाकोऱ्या पाडून आपण शहरात परतावे, हा पराक्रम नव्हे.

आमचे सांगणे थोडक्यात इतकेच: जुनी गाडी अवश्य घ्यावी, स्वस्तात घ्यावी, आणि डोंगरातही न्यावी. पण ज्या दिवशी तिचे ब्रेक उतारावर निःशंकपणे लागतील, चासी हातोडीला खणखणीत उत्तर देईल आणि आपल्या हाताला तिच्या हबचे ग्रीस लागलेले असेल, त्या दिवशी ती तयार झाली असे समजावे. टपावरचे दिवे त्यानंतरही मिळतील. ते लावावेसे वाटतीलच, याची मात्र आम्हांस खात्री नाही.