हजेरी आणि ताळेबंद

नीतीवर व्याख्याने पुष्कळ होतात; हजेरीपटाबद्दल कोणी बोलत नाही. गेल्या आठवड्यात कोठीच्या फुटपाथवर अकाउंटन्सीचे जुने पुस्तक घेतले. विक्रेत्याने पन्नास रुपये जास्त परत दिले. ते मी तिथेच परत केले व स्वतःवर खूष झालो. दुसऱ्याच दिवशी गैरहजर मित्राच्या नंबराला मात्र 'येस सर' म्हणालो!

याच हैदराबादेत ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबुली दिली की, ताळेबंदात दाखवलेले ५,०४० कोटी रुपये मुळात नाहीतच. नफ्यातली किरकोळ तफावत वर्षानुवर्षे वाढत गेली होती. २०१५ साली न्यायालयाने त्यांना शिक्षा ठोठावली. आम्ही वाणिज्यवाले हे प्रकरण गुणांसाठी पाठ करतो.

मित्राला 'आता पुन्हा नाही' असे मी अजून सांगितलेले नाही. सोमवारी पहिलाच तास ऑडिटिंगचा आहे.