फाटलेलं पुस्तक कुणाच्या नावावर?

गेल्या अंकात वाचनकोपऱ्यांबद्दल लिहिलं आणि तक्रारींचा ढीग आला. सूर एकच: पुस्तकं आहेत, कपाट आहे, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात आहे. एका द्विशिक्षकी शाळेतल्या ताईंचं पत्र तर वाचवत नाही. पहिलीतल्या पोरीनं चित्रांचं पुस्तक घरी नेलं, धाकट्या भावानं दोन पानं फाडली. तपासणीत ते सापडलं आणि शेरा बसला, ‘किंमत वसूल करावी.’ ताईंनी चाळीस रुपये भरले. तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे. ‘भाऊ, माझं काय चुकलं?’ असं त्या विचारतात.

ताई, तुमचं काहीच चुकलं नाही. गोष्टीचं पुस्तक आणि लोखंडी कपाट एकाच मापानं मोजणारी पद्धत चुकली आहे. दाखल नोंदवहीत क्रमांक पडला की पुस्तक जन्मभर कोरं राहावं, अशी तिची अपेक्षा. चाळीस रुपयांच्या पुस्तकाच्या निर्लेखनासाठी प्रस्ताव करा, प्रती काढा, वरच्या कार्यालयात चकरा मारा. हा ताप नको म्हणून शिक्षक पुस्तकच बाहेर काढत नाही. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, मात्र लिंकवर फोटो हवा असतो. कपाट उघडतं, मुलं ओळीनं बसतात, फोटो निघतो आणि पुस्तकं मोजून परत आत जातात.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलं आहे, आणि गोष्टीच्या पुस्तकांचा तिथे स्पष्ट उल्लेख आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेसाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे खरेदीचा विचार झाला, झिजेचा झालाच नाही. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरासाठी असतात, हा त्यातला पहिला. तो समजावताना युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत साखळीनं बांधून ठेवलेल्या ग्रंथांचा दाखला त्यांनी दिला होता. आपल्याकडे ती साखळी नोंदवहीची आहे.

इथे शेंदूरजनाघाटात पन्हेरीवाला जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरतो, तेव्हा काही डोळे मरणार हे धरूनच कलमांचा हिशेब करतो. शाळेनंही तसंच धरलं पाहिजे. सहा वर्षांचं लेकरू बोट फिरवत वाचतं, आवडलेलं पान दहादा उलटतं, पुस्तक उशाशी घेऊन झोपतं. पहिली-दुसरीची पुस्तकं फाटणारच, आणि जी सगळ्यांत आधी फाटतात ती मुलांच्या सगळ्यांत आवडीची असतात. ती पुन्हा विकत घ्यावीत. आमची मागणी साधी आहे: वर्षाला दहा टक्के पुस्तकांची घट गृहीत धरा आणि निर्लेखनाचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला द्या.

आता थोडं आपल्या माणसांशी. जिथे कधी वसुली झाली नाही, तिथलीही कपाटं बंदच आहेत. ‘पोट्टे फाडतात’ म्हणायचं, आणि वर्गात शेवटचं कोणतं पुस्तक वाचून दाखवलं विचारलं की गप्प बसायचं, हे चालणार नाही. रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवायला कुणाचा आदेश लागतो? चित्र मागच्या रांगेतल्या लेकरालाही दिसू द्या. गोष्ट मध्येच थांबवून शब्दार्थ विचारू नका. शेवटी तात्पर्य तर विचारूच नका. गोष्ट आवडली की लेकरू ‘पुन्हा’ म्हणतं; तेव्हा पुन्हा वाचा.

दिवाळीची सुटी तोंडावर आहे. अंबिया बहाराची तोड सुरू झाली की मायबाप दिवसभर बगीच्यात राबतात आणि लेकरं घरी मोकळी असतात. सुटी लागायच्या आधी कपाट रिकामं करा. प्रत्येकाला दोन पुस्तकं द्या, देवघेव वहीत नाव ज्याचं त्यालाच लिहू द्या. फाटकी परत आली तर खळ आणि पातळ कागद घेऊन मुलांसोबतच चिकटवा. त्याच आठवड्यात समितीची सभा लावा आणि वापरात झिजलेल्या पुस्तकांची वसुली शिक्षकाकडून करू नये, असा ठराव घ्या. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, एक आमच्याकडे पाठवा. आलेले सगळे ठराव डिसेंबरच्या अंकात छापू आणि गठ्ठा घेऊन आम्ही स्वतः जिल्हा परिषदेत जाऊ.