चकाकीआधी मालकी पाहा

सेकंडहँड वस्तू घेण्यात कमीपणा वाटावा, असे काही नाही. वापरलेल्या सायकली आणि जुनी क्रमिक पुस्तके यांवर आपल्या कित्येक पिढ्या शिकल्या. पण पुस्तकाच्या पहिल्या पानावर कोणाचे नाव आहे, याने कोणाचे काही बिघडत नसे. मोबाइलचे तसे नाही. तो कोणाचा होता, हा त्याच्या बाबतीतला पहिला प्रश्न आहे. आणि नेमका तोच विचारायला आपण संकोचतो.

बँकेत असताना कर्जासाठी घराचे कागद समोर येत, तेव्हा आम्ही भिंतींचा रंग नंतर पाहत असू. आधी नाव कोणाचे आणि बोजा कोणाचा, ते तपासायचे. मोबाइललाही असाच एक उतारा असतो, तो म्हणजे आयएमईआय हा १५ आकडी क्रमांक. *#०६# दाबले की तो पडद्यावर दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. बिलावरचा, खोक्यावरचा आणि पडद्यावरचा क्रमांक जुळला पाहिजे. मग इंग्रजीत ‘केवायएम’ ही तीन अक्षरे, जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवावा. उत्तरात कंपनी व मॉडेल कळते. फोन काळ्या यादीत, बनावट क्रमांकाचा किंवा आधीच वापरात असल्याचे कळले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. चोरीचे फोन बंद करणारी ही केंद्रीय नोंदवही २०१९ साली महाराष्ट्रात प्रायोगिक स्वरूपात आली आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या नावाखाली देशभर खुली झाली.

त्यानंतर बोजा. फोन पुसून कोरा केला, तरी जुन्या मालकाचे गूगल किंवा ॲपलचे खाते त्यात अडकून राहिलेले असू शकते. तसे असेल तर त्याच्या पासवर्डाशिवाय फोन उघडत नाही. ते खाते त्याने आपल्यासमोर काढून द्यावे. फोन हप्त्यांवर घेतलेला असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला मागावा. मग आपले सिम घालून बोलून पाहावे, चार्जर लावून पाहावा आणि त्यानंतरच पैसे द्यावेत. न पाहिलेल्या फोनसाठी आगाऊ रक्कम पाठवू नये.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना मुलीच्या अभ्यासासाठी फोन हवा होता, म्हणून त्यांच्याबरोबर एका दुकानात गेलो. मी बिल विचारताच दुकानदार हसून म्हणाला, “काका, पाच हजारांच्या मोबाइलला कसले कागद मागता?” त्याच्या लेखी पाच हजार ही किरकोळ रक्कम होती. ताईंनी ती महिनोन्‌महिने साठवली होती. फोन चोरीचा निघून एका सकाळी बंद पडला, तर ज्याच्याकडे दुसरा घ्यायला पैसे नाहीत, त्याचेच नुकसान होते. आम्ही तो फोन घेतला नाही.

कायदाही अशा वेळी खरेदीदाराच्या भोळेपणाची फारशी कदर करत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूळ तत्त्व असे की, जे विकणाऱ्याचेच नाही, ते सहसा घेणाऱ्याचेही होत नाही. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे, माल चोरीचा आहे असे मानायला कारण असूनही अप्रामाणिकपणे तो घेतला, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिल नाही, खोके नाही आणि किंमत मात्र निम्म्याहून कमी, हे कारण कोणालाही दिसण्याजोगे आहे.

म्हणून विक्रेत्याचे नाव, पत्ता, तारीख, रक्कम आणि आयएमईआय लिहिलेली सहीची पावती घ्यावी. त्याच्या ओळखपत्राची प्रतही मागावी. यात अविश्वास नाही. उद्या त्या फोनवरून कोणी गैरप्रकार केला, तर फोन आपण कधीच विकला होता, हे त्या पावतीनेच विक्रेत्याला दाखवता येईल. प्रामाणिक माणूस कागदाला बिचकत नाही.

लोकलच्या गर्दीत खिशातून गेलेला फोन कोणीतरी विकत घेतो, म्हणून तो चोरावासा वाटतो. बिल न विचारणारे गिऱ्हाईक कमी झाले, तर चोराचा धंदाही कमी होईल. पोलिसांची वाट न पाहता एवढे आपल्याला करता येते.