दाढी करायचं काम

मध्यंतरी ऑफिसात 'सर्व्हंट लीडरशिप'चं ट्रेनिंग झालं. एसी हॉल, जेवणात पनीर, शेवटी सर्टिफिकेट. दोन दिवसांचं सार एवढंच, की टीमची सेवा करा म्हणजे टीम तुमचं ऐकेल. म्हणजे सेवक व्हायचं, पण वरच्या खुर्चीत लवकर पोचण्यासाठी! :-)

हा शब्दप्रयोग रॉबर्ट ग्रीनलीफने १९७० मध्ये रूढ केला. एटी अँड टीमध्ये आयुष्य काढलेला माणूस. पण मालकाने सेवक होणं ही कल्पना फार जुनी. योहानच्या शुभवर्तमानात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्राला ते इतकं खटकतं की तो आधी चक्क नको म्हणतो. मी ख्रिस्ती नाही, पण तो प्रसंग वाचला तेव्हा ट्रेनिंगमधल्या स्लाइड्स फारच गुळगुळीत वाटल्या.

हे कोणी खरंच करून बघितलंय का? एक नाव सापडलं, हेन्री नाउवेन. हा मूळचा डच कॅथलिक धर्मगुरू. येलला शिकवलं, मग हार्वर्डला. पुस्तकं खपायची, भाषणांना गर्दी व्हायची. आणि १९८६ मध्ये हा सगळं सोडून कॅनडात टोरांटोजवळ 'डेब्रेक' नावाच्या वस्तीत राहायला गेला. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं आणि त्यांना मदत करणारे तिथे एकत्र राहतात. त्याला काम मिळालं ते अ‍ॅडम नावाच्या पंचविशीतल्या तरुणाचं. अ‍ॅडमला बोलता येत नसे, झटके यायचे. त्याला सकाळी उठवायचं, आंघोळ घालायची, दाढी करायची, कपडे घालून नाश्ता भरवायचा. दोनेक तास त्यातच जायचे. अ‍ॅडमला हार्वर्डचं काय कौतुक असणार?

आता इथेच थांबलो तर ही फॉरवर्ड करण्यालायक गोष्ट होईल. पण पुढचंही सांगायला हवं. एक म्हणजे नाउवेन तिथे जाऊन एकदम शांत-तृप्त झाला नाही. पुढच्याच वर्षी तो नैराश्याने कोलमडला आणि काही महिने त्याला उपचारांसाठी लांब राहावं लागलं. मग परत आला, १९९६ मध्ये वारला तोपर्यंत तिथलाच होता.

दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. डेब्रेक ज्या 'लार्श' संस्थेचा भाग आहे, ती १९६४ मध्ये फ्रान्समध्ये जाँ व्हानिए यांनी सुरू केली. साधेपणाने राहणारे, जगभर संत मानले गेलेले गृहस्थ. २०१९ मध्ये ते गेले. त्यानंतर संस्थेनेच चौकशी करवली आणि २०२३ च्या अहवालात निदान पंचवीस स्त्रियांशी त्यांनी केलेलं लैंगिक गैरवर्तन बाहेर आलं. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली.

हे वाचून मी दोन दिवस सुन्न होतो. मग लक्षात आलं, पैसा सोडणं त्या मानाने सोपं. पद सोडणंही जमतं. पण 'माझं ऐकलंच पाहिजे' हे सोडणं महाकठीण, आणि सेवेच्या साध्या कपड्यात ते कोणाला दिसतही नाही. म्हणून माझं मत असं, की सेवेची परीक्षा त्यागावर घेऊ नये. ज्याची सेवा चाललीय त्याला 'नाही' म्हणता येतं का आणि ते ऐकलं जातं का, एवढंच बघावं.

मी हे का लिहितोय? दिवाळीनंतर आप्पांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, शब्द अडकतात. मी सांगलीला जाऊन घरून काम करायला लागलो. आणि काय केलं? एक्सेल शीट! औषधं, व्यायाम, आंघोळ, दाढी, सगळ्याच्या वेळा. एका सकाळी ठरल्या वेळी रेझर घेऊन गेलो तर आप्पांनी तोंड फिरवलं. मी वैतागलो. आई दारातून म्हणाली, "अरे, त्यांना विचार तरी. तुझ्या हाताखालचे आहेत का ते?"

झटकाच बसला. जन्मभर स्वतःची दाढी स्वतः करणारा माणूस, आणि मी त्याला टास्क बनवून टाकला होता. सेवा करत होतो, कबूल. पण साहेब म्हणून.

सोमवारी मला प्रमोशनचं उत्तर द्यायचंय. चौदा जणांची टीम, पगारही बरा वाढणार, पण पुण्यात मुक्काम आणि रात्रीचे कॉल. मी नाही म्हणणार आहे. परत विचारतील की नाही, माहीत नाही. पद वाईट असतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. ईएमआय मलाही आहे. पण हे काम आत्ता मला शिकायचंय आणि ते ट्रेनिंग हॉलमध्ये शिकता येत नाही.

आज सकाळी विचारलं, "आप्पा, दाढी करायची का?" त्यांनी बराच वेळ लावला. मग म्हणाले, "उ...द्या."

बरं, उद्या.