‘रिटर्नल’ : पुनरावृत्तीचा घाट आणि वाचकाचा अधिकार

कथात्म साहित्याची चर्चा आपल्याकडे अजूनही प्रामुख्याने मुद्रित संहितेच्या आधारे होते. चित्रपटाला आपण आत घेतले, तेही बऱ्याच उशिरा. व्हिडिओ गेम मात्र उंबऱ्याबाहेरच आहे. तो आत यावा की नाही, हा वाद नुसत्या तत्त्वाच्या पातळीवर घालून फारसे काही हाती लागत नाही. एखादी विशिष्ट कृती समोर ठेवावी आणि कथेला लावतो तेच निकष तिला लावून पाहावेत, हे अधिक बरे. हेलसिंकी येथील हाउसमार्क या संस्थेने तयार केलेला आणि एप्रिल २०२१ मध्ये प्रकाशित झालेला ‘रिटर्नल’ हा विज्ञानकथात्मक खेळ अशा तपासणीला योग्य आहे. २०२२ साली त्याला उत्कृष्ट खेळाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. पण येथे त्याचा विचार करण्याचे कारण ते नव्हे.

हा खेळ ‘रोगलाइक’ या प्रकारात मोडतो. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या अमेरिकन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला. (मराठी कानाला हे नाव व्याधिवाचक वाटते, मूळ अर्थ लबाड, भामटा असा आहे.) त्यातील भुयारांची मांडणी संगणक दर खेपेस नव्याने करी, आणि पात्र मेले की सारे पहिल्यापासून सुरू होई. या दोन नियमांतून पुढे एक प्रकारच रूढ झाला. बहुतेक खेळांत हे नियम केवळ नियम म्हणून येतात. ‘रिटर्नल’चे वेगळेपण असे की, त्याने नियमालाच कथावस्तू केले.

सेलीन व्हासोस ही अंतराळसंशोधक एका गूढ संकेताचा माग काढत ॲट्रोपॉस या ग्रहावर कोसळते. थोडे अंतर चालून जाताच तिला एक प्रेत आढळते, आणि ते तिचे स्वतःचेच असते. मेल्यावर ती पुन्हा त्याच मोडक्या यानापाशी जागी होते. भोवतालच्या भग्नावशेषांची रचना मात्र बदललेली असते. मिळवलेली शस्त्रे बहुतांशी जातात, एखाददुसरे साधन तेवढे टिकते. वाटेत सापडणाऱ्या ध्वनिमुद्रणांत आवाज तिचाच असतो, पण शब्द तिने या जन्मी उच्चारलेले नसतात. प्रथमपुरुषी निवेदनात निवेदक आणि अनुभव घेणारा ‘मी’ यांच्यातील अंतराची चर्चा आपण नेहमी करतो. येथे ते अंतर प्रेतांनी मोजले जाते! जेन पेरी या अभिनेत्रीने त्या मुद्रणांतील संशय, भ्रम आणि हळूहळू वाढणारी ग्रहाची ओढ फार संयमाने व्यक्त केली आहे.

नावांची योजनाही विचारपूर्वक केलेली दिसते. ग्रीक पुराणात ॲट्रोपॉस ही आयुष्याचा धागा कापणारी देवता. तिच्या नावाच्या ग्रहावर कोणताच धागा तुटत नाही. सेलीन आणि हेलिऑस ही थिया व हायपेरिअन यांची अपत्ये. खेळात यानाचे नाव हेलिऑस आहे आणि एका प्रचंड प्रतिस्पर्ध्याचे हायपेरिअन. परग्रहावर अकस्मात विसाव्या शतकातील एक घर उभे दिसते. त्याच्या आत शिरताच शस्त्र उरत नाही, गती मंदावते, दृष्टिकोन तृतीयपुरुषी असतो तो प्रथमपुरुषी होतो. हा ग्रह म्हणजे आई, मूल आणि अपराधभाव यांनी व्यापलेले एक मन असावे, हा संशय इथूनच बळावतो.

तिसऱ्या प्रदेशाच्या अखेरीस खेळाचा सर्वोत्तम क्षण येतो. सेलीनची सुटका होते, ती पृथ्वीवर परतते, वृद्ध होते, मरते, तिचे दफन होते; आणि ती पुन्हा ॲट्रोपॉसवर जागी होते. हीच घटना कादंबरीत आली तर वाचकाच्या उजव्या हातातील उरलेली पाने त्याला आधीच सावध करतील. येथे खेळणाऱ्याने श्रमाने मिळवलेली सुटकाच त्याच्याकडून काढून घेतली जाते. आशय आणि घाट यांचे इतके घट्ट ऐक्य छापील कथेतही क्वचित आढळते.

दोष याच घाटातून उद्भवतात. ‘वेताळ पंचविशी’मध्ये राजाचे मौन सुटते, प्रेत झाडाकडे परत जाते, आणि प्रत्येक परतीतून नवी कथा मिळते. तेथे पुनरावृत्ती हे कथेचे निमित्त असते. ‘रिटर्नल’च्या पहिल्या काही फेऱ्यांत हेच घडते. पुढे मुद्रणे ऐकून संपतात, घराची भेट उरकते, आणि तरीही तेच प्रदेश पुन्हा तुडवावे लागतात. तेव्हा पुनरुक्ती हा गुण राहत नाही. तो निव्वळ कवायतीचा भाग होतो.

यापेक्षा गंभीर आक्षेप वाचकाच्या अधिकाराचा आहे. पुस्तक कठीण असले तरी मंदगती वाचकासमोर आपली पाने मिटून घेत नाही. या खेळात ज्याची बोटे चपळ नाहीत त्याला उत्तरार्ध दिसतच नाही. काठिण्य हाच नायिकेच्या यातनेचा अनुभव आहे, असे समर्थन केले जाते. पूर्वार्धापुरते ते मान्य करता येईल. पण एक फेरी दोन-दोन तास चालत असताना ती मध्येच थांबवून ठेवण्याची सोय प्रारंभी नव्हती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती दिली गेली. यंत्र बंद करता न येणे यात कोणता आशय? शेवटचा उलगडा हवा असेल, तर सहाही प्रदेशांत फिरून एकेक तुकडा गोळा करावा लागतो, आणि तो नेमका कोठे सापडेल हे बरेचसे योगायोगावर असते. अपराध आणि प्रायश्चित्त यांचा अर्थ असा फाशांवर सोपवणे मला कलादृष्ट्या कच्चे वाटते. त्यातून हाती येणारी दृश्येही इतकी संदिग्ध आहेत की, आई कोण, मूल कोणाचे, गाडी कोण चालवीत होते, याविषयी अन्वय लावणाऱ्यांत एकमत नाही. सूचकता निराळी आणि धागे मोकळे सोडणे निराळे. ‘रिटर्नल’ उत्तरार्धात दुसरीकडे झुकतो.

परग्रहीय शिलालेखांचा अर्थ चिन्हे गोळा करीत टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जाण्याची युक्ती मात्र उत्तरार्धातही टिकते. भाषांतराच्या अभ्यासकांनी ती मुद्दाम पाहावी.

फेब्रुवारी २०२३ पासून हा खेळ साध्या संगणकावरही उपलब्ध आहे, त्यामुळे वर्गात तो दाखवणे अशक्य नाही. कथनमीमांसेच्या अभ्यासपत्रिकेत त्याला जागा द्यायची झाल्यास तिसऱ्या प्रदेशाच्या शेवटापर्यंतचा भाग मी नि:संकोच लावीन. त्यापुढचा भाग विद्यार्थ्यांनी दुसऱ्या कोणी खेळलेल्याचे चित्रमुद्रण पाहून वाचला, तरी माझी हरकत असणार नाही.