तेराव्या सेक्टरातलं जुनं गाव

वास्तुविशारद ल कॉर्बुझिएने रिओ द जानेरो पहिल्यांदा पाहिलं ते 1929 साली. टेकड्यांवरच्या गरीब वस्त्यांत तो स्वतः चढून गेला, तिथल्या घरांचं त्याने कौतुकही केलं. कागदावर मात्र उतरलं ते विमानातून दिसलेलं रिओ: किनाऱ्याच्या कडेने नागमोडी धावणारी एक अवाढव्य इमारत आणि तिच्या माथ्यावर मोटाररस्ता. ती कधीच बांधली गेली नाही. रिओकरांचं नशीब!

1951 च्या फेब्रुवारीत हाच गृहस्थ शिवालिकच्या पायथ्याशी आला आणि काही दिवसांतच चंडीगडचा आराखडा सिद्ध झाला. हा मात्र प्रत्यक्षात आला, आणि बराचसा छानच आला.

गोवा संपर्क क्रांतीने मडगावहून किंवा रत्नागिरीहून एकटाच आलेला प्रवासी या आखीव शहरावर लगेच भाळतो. सुखना तलाव, रॉक गार्डन, कॅपिटॉल संकुल, की झालं चंडीगड! 'रस्ते काय रुंद, झाडी काय दाट' असं घरी फोनवर सांगून तो शिमल्याची बस पकडतो. स्टेशनापासून जवळच असलेलं मनीमाजरा त्याच्या यादीतच नसतं.

आणि तिथेच गफलत होते. कारण चंडीगडचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी मनीमाजरा हे एका छोट्या शीख संस्थानाचं ठाणं होतं. राजा गोपालसिंगाने 1811 ते 1815 या काळात मनसादेवीचं देऊळ बांधलं. 1966 मध्ये पंजाबची वाटणी झाली, तेव्हा राजाचं गाव चंडीगडात राहिलं आणि त्याची देवी हरियाणात गेली. जुना किल्ला आहे, पण तो फरीदकोटच्या राजघराण्याच्या वारसाहक्काच्या खटल्यात सापडला; त्या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागायला 2022 उजाडलं. बाजारात गल्ल्या वाकड्यातिकड्या, दुकानं एकमेकांना खेटून. मोटर मार्केटमध्ये डेंटिंगवाल्याचा हातोडा पत्र्यावर पडत असतो आणि गिऱ्हाईक शेजारी उभं राहून भावावरून हुज्जत घालत असतं. नव्या शहराच्या गुळगुळीत गाड्या दुरुस्तीला येतात त्या इथेच.

चंडीगडच्या मूळ आराखड्यात तेरा क्रमांकाचा सेक्टरच नव्हता. आकडा अशुभ म्हणून, असं सांगतात. 2020 मध्ये प्रशासनाने तो मनीमाजऱ्याच्या गळ्यात घातला. जुन्या गावाला असा उरलेला नंबर चिकटवणं हे कारकुनी डोक्याचं काम. शिवाय आकडा दिल्याने गल्ली काही सरळ होत नाही!

सहलीच्या बसला या बोळांत शिरता येत नाही. एकट्या माणसाला येतं. ना गाइडची घाई, ना बरोबरच्यांची कुरकुर. म्हणून त्याने तरी स्टेशनाबाहेर ऑटोवाल्याला आधी मनीमाजरा सांगावं. नव्या शहरातल्या सेक्टर 17 चे कट्टे संध्याकाळीही मोकळे मिळतात.