अस्सल सीडी, बेकायदा ग्राहक

मे २०१२ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी कॉपीराइट दुरुस्ती विधेयक मंजूर केले, तेव्हा चर्चेचा सारा झोत गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीवर होता. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ती बाजू हिरिरीने मांडली आणि ती न्याय्यही होती. मात्र २०१०च्या मूळ विधेयकातील एक परंतुक मंजूर झालेल्या कायद्यात नव्हते. परदेशात हक्कधारकाच्या संमतीने प्रसिद्ध झालेली प्रत तेथून भारतात आणल्यास ती कॉपीराइटचा भंग करणारी मानू नये, एवढेच ते सांगत होते. संसदीय स्थायी समितीने नोव्हेंबर २०१० मध्ये त्याला पाठिंबा दिला होता. तरीही बड्या प्रकाशकांच्या विरोधानंतर ते गळाले. पुस्तकांसाठी झालेल्या या झगड्यात संगीत आणि चित्रपटही ओघाने आले, पण त्यांच्या ग्राहकाच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते.

हा प्रश्न चोरीच्या मालाचा नाही, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. सीडी अस्सल, कंपनीनेच काढलेली, किंमतही मोजलेली. ग्राहकाचा अपराध एवढाच, की त्याने ती स्वस्त देशातून मागवली. रस्त्यावर बनावट सीडी विकणारा आणि अस्सल सीडी परदेशातून आणून विकणारा यांना कायद्याने एकाच रांगेत उभे करावे, यातच प्रामाणिक ग्राहकाच्या वैतागाचे मूळ आहे.

ब्रिटनमध्ये हा वैताग सर्वाधिक उघडपणे दिसला. युरोपीय संघाच्या २००१च्या निर्देशानुसार, संघातील देशांत एकदा विकलेली प्रत संघात कुठेही पुन्हा विकता येते. बाहेर विकलेल्या प्रतीला ती मुभा नाही. हाँगकाँगहून टपालाने स्वस्त सीडी पाठवणाऱ्या ‘सीडी वॉव’वर ब्रिटिश ध्वनिमुद्रण उद्योगाने याच आधारे दावा लावला. जानेवारी २००४ मध्ये तडजोड झाली, कंपनीने बाहेरचा माल ब्रिटनमध्ये न विकण्याची हमी दिली आणि ब्रिटिश ग्राहकांसाठी सीडीमागे सुमारे दोन पौंडांची वाढ जाहीर केली. २००७ मध्ये ही हमी मोडल्याचा ठपका न्यायालयाने ठेवला आणि भरपाईचा आकडा व्याजासह सुमारे ४ कोटी १० लाख पौंडांवर गेला. उत्पादनासाठी स्वस्त देश शोधण्याची मुभा कंपनीला आणि खरेदीसाठी मात्र ग्राहकाला मनाई, असे हे जागतिकीकरण!

अर्थात, उद्योगाचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. गरीब बाजारपेठेत कमी दराने विकलेला माल श्रीमंत बाजारपेठेत परत येऊ लागला, तर कंपन्या गरीब देशातलेच दर वाढवतील किंवा माल पाठवणेच थांबवतील. भारत स्वतः स्वस्त बाजारपेठ असल्याने दिल्लीला ही भीती हसण्यावारी नेता येणार नाही. पण ती खरी असेल, तर बंदी श्रीमंत देशाने घालायची. भारतात येणारा माल भारतानेच का अडवावा, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

ऑस्ट्रेलियाने दुसरी वाट धरली. तेथील किंमत देखरेख प्राधिकरणाने १९९० मध्येच ध्वनिमुद्रिकांवरील आयातबंदी उठवण्याची शिफारस केली होती. कंपन्या, अनेक कलावंत आणि मजूर पक्ष यांचा विरोध पत्करून हॉवर्ड सरकारने १९९८ मध्ये ती अमलात आणली. त्यानंतरही आयात करणाऱ्या दुकानदारांवर दबाव आणल्याबद्दल दोन बड्या कंपन्यांना तेथील स्पर्धा आयोगाने न्यायालयात खेचले आणि २००३च्या अपिलातही त्यांची पूर्ण सुटका झाली नाही. कायदा बदलणे आणि तो पाळायला लावणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तेथील सरकारी यंत्रणेने ओळखले होते.

दिल्लीत तशी यंत्रणा पुढे आली नाही. अमेरिकेत रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी येथे भाड्याने देणाऱ्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच निर्णय दिला होता. गंमत म्हणजे, त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०१२ मध्ये सॅमसंग प्रकरणात व्यापारचिन्हांबाबत उलट भूमिका घेतली आणि परदेशात रीतसर विकलेला अस्सल प्रिंटर आयात करून विकणे वैध ठरवले. म्हणजे प्रिंटरला जी सीमा खुली, ती ध्वनिमुद्रिकेला बंद. दोष न्यायालयाचा नव्हे. दोन कायद्यांतील ही विसंगती दूर करण्याची संधी संसदेसमोर त्याच वर्षी होती.

दरम्यान संगीत सीडीतून निघून मोबाइलमध्ये गेले. तेथे गाणी देशवार परवान्याने मिळतात. एका देशात ऐकू येणारा अल्बम दुसऱ्या देशात ‘उपलब्ध नाही’ असे सांगून बंद होतो, आणि मासिक वर्गणीत ग्राहक काहीच विकत घेत नसल्याने आयातीचा मुद्दाही उपस्थित करता येत नाही. सीडी किंवा एलपी जमवणाऱ्यांसाठी मात्र तो प्रश्न उरतोच. कायद्याच्या कलम २(एम)मध्ये २०१०चे ते परंतुक अजूनही आलेले नाही.